रिजवे वाचत चालताना: माती, कागद, नाव आणि गोष्ट

इंग्लंडमधल्या विल्टशायरमध्ये ॲव्हबरी गावाजवळ ओव्हरटन हिल नावाची टेकडी आहे. तिथून निघणारी रिजवे ही पायवाट १३९ किलोमीटर, म्हणजे ८७ मैल चालून बकिंगहॅमशायरमधल्या आयव्हिंगो बीकनवर संपते. १९७३ पासून तिला राष्ट्रीय पदयात्रा-मार्गाचा दर्जा आहे. जाहिरातीत ती 'ब्रिटनचा सर्वांत जुना रस्ता' असते, 'पाच हजार वर्षं वापरात' असते. हे वाक्य घोकून निघालात तर पहिल्याच दिवशी फसाल. या वाटेवर दगडाचं वय वेगळं, नावाचं वेगळं आणि गोष्टीचं त्याहून वेगळं असतं, आणि गंमत त्या फरकातच आहे.

हा लेख पश्चिम अर्ध्या भागासाठी आहे: ओव्हरटन हिल ते थेम्सकाठचं स्ट्रीटली, सुमारे ७० किलोमीटर. पूर्वेचा भाग इक्नील्ड वे या जुन्या वाटेच्या आसपास, चिल्टर्न टेकड्यांच्या झाडीतून जातो. तो देखणा आहे, पण पुराणवस्तू आणि दंतकथा पश्चिमेला जास्त दाटीने आहेत. वेळ थोडा असेल तर पूर्वभाग खुशाल सोडा.

निघण्याआधी

नकाशे: ऑर्डनन्स सर्व्हेचे १:२५,००० प्रमाणातले एक्सप्लोरर १५७ आणि १७०, आणि स्ट्रीटलीच्या टोकासाठी १७१. या प्रमाणात नकाशावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. फोनवरचा नकाशा चालेल, पण कागदाच्या नकाशावर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. रोमन सोडून बाकीच्या पुराणवस्तूंची नावं जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापलेली असतात. आदल्या रात्री ती सगळी पेन्सिलने घेरून ठेवा. 'ट्युम्युलस' म्हणजे दफनटेकाड. 'कॅसल' शब्दाने मात्र हुरळू नका. बार्बरी कॅसल, लिडिंग्टन कॅसल, अफिंग्टन कॅसल यांतल्या एकाही ठिकाणी दगडी किल्ला नाही. ते लोहयुगातले मातीचे कोट आहेत, म्हणजे बांध आणि बाहेरून खंदक.

पाणी: ही डोंगरधार खडूच्या दगडाची आहे. पाऊस पडला की पाणी सरळ खाली झिरपतं. म्हणून तर वर चालायला कोरडी वाट मिळते आणि म्हणूनच वर ओढा नाही, झरा नाही, विहीर नाही. गावं सगळी पायथ्याशी, झऱ्यांच्या रेषेवर वसलेली. माणशी किमान २ लिटर घ्या, उन्हाळ्यात ३. स्पार्शोल्ट फर्सजवळ हिल बार्नपाशी नळ आहे, पण एका नळाच्या भरवशावर दिवस आखू नका. खडूत पाणी किती खोल असतं याचा अंदाज हवा असेल तर थेम्सपलीकडच्या स्टोक रो गावात जा. तिथे काशीच्या महाराजांनी दिलेल्या देणगीतून खणलेली विहीर आहे. ती १८६४ मध्ये खुली झाली, खोली ३६८ फूट, आणि सगळं खोदकाम हातांनी केलेलं.

पाय: ओला खडू साबणासारखा निसटतो. वाटेचा बराचसा भाग गाडीवाट आहे, त्यामुळे चाकोऱ्या खोल पडतात आणि पावसाळी दिवसांत त्यांत पाणी साचतं. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात बऱ्याच टप्प्यांवर मोटारगाड्यांना बंदी असते ती यासाठीच. चाकोरीतून चालू नका, मधल्या गवती वरंब्यावरून चाला. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, खाचदार तळव्याचे बूट हवेत. वर सावली नाही आणि वाऱ्याला आडोसाही नाही, म्हणून मे महिन्यातसुद्धा वाराबंद जाकीट पिशवीत असू द्या.

मुक्काम: इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकणं कायद्यात बसत नाही. मुक्कामाला खाली गावात उतरायचं म्हणजे रोज दीड-दोन किलोमीटर जास्तीचे आणि सकाळी चढ. तो हिशेबात धरा. थांबत, बघत, लिहीत जायचं तर ताशी ३ किलोमीटरपेक्षा जास्त वेग धरू नका.

वही कशी आखायची

प्रत्येक ठिकाणासाठी एक पान, पानावर चार रकाने: माती, कागद, नाव, गोष्ट.

'माती'त उत्खननातून किंवा मोजणीतून कळलेलं वय आणि काय सापडलं ते. 'कागद'मध्ये त्या जागेचा जुन्यात जुना लेखी उल्लेख. 'नाव'मध्ये नावाचा अर्थ आणि ते कोणाच्या भाषेतलं आहे ते. 'गोष्ट'मध्ये दंतकथा, आणि तिच्यापुढे ती पहिल्यांदा कोणी, कधी लिहून घेतली ते साल. हे शेवटचं साल सगळे विसरतात. गोष्टीत राजा आर्थर आला म्हणून गोष्ट आर्थरच्या काळातली होत नाही. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. शेजारच्या रकान्यातलं उचलून तो भरला की घोटाळा सुरू होतो.

पहिला अर्धा दिवस: ॲव्हबरीचा फेरा

स्विंडन रेल्वे स्थानकावरून ॲव्हबरीला बस मिळते. रविवारच्या फेऱ्या आधी तपासा. ॲव्हबरीचं शिळावर्तुळ, तिथून वेस्ट केनेट ॲव्हेन्यू या उभ्या दगडांच्या रांगांमधून सँक्च्युअरी या जुन्या वर्तुळाच्या जागी, मग वेस्ट केनेटचं दफनटेकाड आणि सिल्बरी हिल करून परत, असा फेरा साधारण १० किलोमीटरचा होतो.

ॲव्हबरीचं वर्तुळ जगातलं सर्वांत मोठं शिळावर्तुळ आहे, इतकं मोठं की अर्धं गाव त्याच्या आत आहे. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात ते टप्प्याटप्प्याने उभं राहिलं. आज दिसणारे बरेच दगड १९३० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कायलरने पुन्हा उभे केलेले आहेत. जिथे दगड नाहीसा झालाय तिथे त्याने काँक्रीटचे छोटे खांब लावले. ते खांबही मोजा, नाहीतर वर्तुळाचा आकार समजणार नाही. दगड गेले कुठे? मध्ययुगात काही पुरले गेले. पुढे १८व्या शतकात गावकऱ्यांनी काही फोडले. खड्ड्यात गवत पेटवून दगड तापवायचा, त्यावर गार पाण्याची रेघ ओढायची आणि घण घालायचा. हे विल्यम स्ट्यूकली या पुराणवस्तूंच्या अभ्यासकाने त्या काळात स्वतः पाहून टिपून ठेवलं.

याच स्ट्यूकलीने आणि त्याच्या आधी जॉन ऑब्रीने ही स्थळं ड्रुइड पुरोहितांच्या नावावर चढवली. चूक कशी ओळखायची? ड्रुइडांची लेखी माहिती आपल्याला इ.स.पू. पहिल्या शतकातल्या सीझरसारख्या रोमनांकडून मिळते. तोवर ॲव्हबरीचे दगड दोन हजार वर्षांहून जुने झाले होते. वहीत 'माती' आणि 'कागद' शेजारी-शेजारी लिहिलेत की हे अंतर आपोआप दिसतं.

आता एक सांगाडा. १९३८ मध्ये कायलरला पुरलेल्या एका दगडाखाली माणूस सापडला. जवळ कात्री, एक टोकदार हत्यार आणि १४व्या शतकाच्या सुरुवातीची नाणी होती. निष्कर्ष निघाला की हा न्हावी-वैद्य दगड पाडायला मदत करत होता, दगड अंगावर पडून चिरडला. ही कथा पुढची कित्येक दशकं सांगितली गेली. सांगाडा युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला असं समजत होते. तो पुढे लंडनच्या संग्रहालयात सापडला, पुन्हा तपासला गेला, आणि चिरडून मेल्याची खूण हाडांवर मिळाली नाही. दंतकथा फक्त खेडुतांच्याच असतात असं नाही.

सिल्बरी हिल हे इ.स.पू. २४०० च्या सुमारास माणसांनी रचलेलं ३० मीटरहून उंच टेकाड आहे. गोष्ट अशी की आत राजा सिल घोड्यावर बसून पुरलेला आहे. पुढे त्या घोड्याचं सोनं झालं. या सोन्यापायी आणि कुतूहलापायी १७७६ मध्ये वरून विवर खणलं, १८४९ मध्ये बाजूने बोगदा, १९६८ पासून आणखी एक बोगदा. राजा मिळाला नाही, कोणाचंच दफन मिळालं नाही. २००० साली माथ्यावर भगदाड पडलं, कारण जुनं विवर नीट भरलेलं नव्हतं. पुढे आतली पोकळी खडूने भरून घ्यावी लागली. टेकाडावर चढायला बंदी आहे. रस्त्यावरून बघा.

वेस्ट केनेटचं दफनटेकाड (इ.स.पू. ३६५० च्या आसपास) सुमारे १०० मीटर लांब आहे, पण आतल्या पाच खोल्या पुढच्या १२ मीटरांतच संपतात. तोंडाशी आडव्या लावलेल्या प्रचंड शिळांच्या मागून आत शिरा. विजेरी हवीच. किमान ३६ जणांची हाडं इथे मिळाली. लोक सांगतात की उत्तरायण संपतं त्या पहाटे पांढऱ्या वस्त्रातली आकृती लाल कानांचा पांढरा कुत्रा घेऊन आत जाते. वहीत लिहून घ्या आणि पुढे चला.

ओव्हरटन हिल ते लिडिंग्टन

पहिला पूर्ण दिवस ओव्हरटन हिल ते ऑगबर्न सेंट जॉर्ज, सुमारे १५ किलोमीटर. मार्ग चुकणं कठीण आहे, खांबांवर ओकच्या फळाची खूण असते. उजवीकडे फायफील्ड डाउनच्या उतारावर सार्सन, म्हणजे कठीण वालुकाश्माचे, दगड विखुरलेत. धुक्यात ते बसलेल्या मेंढ्यांसारखे दिसतात, म्हणून त्यांचं जुनं नावच 'राखाडी मेंढे'. पुढे हॅकपेन टेकडीच्या उतारावर खडूत कोरलेला पांढरा घोडा दिसला की 'सापडला!' म्हणून उड्या मारू नका. तो १८३८ चा, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाचा. विल्टशायरमधले बहुतेक पांढरे घोडे असेच अलीकडचे आहेत. खरा जुना अजून दोन दिवस लांब आहे.

बार्बरी कॅसलचे दोन बांध, दोन खंदक नीट मोजता येतात. इ.स. ५५६ मध्ये 'बेरानबुर' इथे बाहेरून आलेले सॅक्सन आणि इथले मूळचे ब्रिटन लोक लढले असं अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त सांगतं. ते हेच, असं बरेच जण मानतात. दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या लिडिंग्टन कॅसलवर आर्थरची बेडनची लढाई झाली असंही म्हणतात. त्या जागेचे दावेदार अनेक आहेत, त्यामुळे 'गोष्ट' रकान्यात लिहा, 'माती'त नको.

या पट्ट्यातली सर्वांत ताजी दंतकथा पिकांतल्या वर्तुळांची. जुलैत खालच्या गव्हात आकृत्या दिसल्या तर १९९१ हे साल आठवा. त्या वर्षी डग बाउर आणि डेव्ह चोर्ली यांनी आपण फळी-दोरी घेऊन वर्तुळं काढत होतो हे करून दाखवलं. लोकांनी तरी परग्रहवासी सोडले नाहीत. शेत तुडवत आत जाऊ नका, नुकसान शेतकऱ्याचं होतं.

वेलँड्स स्मिदी: एक पान भरून

दुसरा मुक्काम बिशपस्टन किंवा ॲशबरी. तिसऱ्या सकाळी लवकर निघा आणि आठच्या आत वेलँड्स स्मिदीला पोहोचा. नकाशावरचा संदर्भ एसयू २८१ ८५४ (एसयू ही नकाशाच्या मोठ्या चौकोनाची अक्षरं): आधी डावीकडून उजवीकडे २८ ची उभी रेघ आणि तिच्यापुढे एक दशांश, मग खालून वर ८५ ची आडवी रेघ आणि तिच्यापुढे चार दशांश. उलटं वाचलंत तर भलत्याच शेतात जाल. बीच झाडांच्या वर्तुळात लांबट टेकाड, आणि दक्षिण टोकाला उंच सार्सन शिळा उभ्या. उभ्या सहापैकी चारच उरल्यात. दर्शनी भाग १९६२-६३ च्या उत्खननानंतर पुन्हा मांडलेला आहे.

आता वहीचं पान.

माती: दोन थडगी, एकावर एक. आधी इ.स.पू. ३५९० च्या सुमाराचं लाकूड-दगडाचं छोटं घर, आत १४ जण. मग शे-दीडशे वर्षांनी त्यावर रचलेलं, दगडी खोल्यांचं मोठं टेकाड, सुमारे ५६ मीटर लांब.

नाव: सॅक्सन. वेलँड म्हणजे जर्मानिक पुराणांतला देव-लोहार. राजाने त्याच्या पायाच्या शिरा तोडून त्याला लंगडा केला आणि बेटावर कामाला जुंपलं. त्याने राजाची पोरं मारून त्यांच्या कवट्यांचे प्याले घडवले आणि उडून गेला. ब्रिटिश म्युझियममधल्या फ्रँक्स पेटीवर हा प्रसंग कोरलेला आहे.

कागद: इ.स. ९५५ ची जमीनदानाची सनद. हद्द सांगताना 'वेलँडची भट्टी' ही खूण म्हणून येते.

गोष्ट: घोड्याचा नाल निखळला तर घोडा आणि नाणं इथे ठेवून दूर जायचं, परत येईतो नाणं गेलेलं आणि नाल ठोकलेला. ही फ्रान्सिस वाइजने १७३८ मध्ये लिहून घेतली. त्यात लोहार अदृश्य आहे, पण त्याला नाव नाही.

आता वजाबाकी करा. टेकाड आणि नावाची पहिली नोंद यांत सुमारे ४,४०० वर्षं. नाव आणि गोष्टीची पहिली नोंद यांत ७८३ वर्षं. सॅक्सन लोक इथे आले तेव्हा हे कोणी बांधलं हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या ओळखीच्या देवाला इथे बसवलं. नाशिकची बौद्ध लेणी पांडवांच्या नावावर लागली, तशातलाच प्रकार. इथे आणखी एक सापळा आहे. १९१९-२० च्या खोदकामात लोखंडी पट्ट्या सापडल्या. 'लोखंड मिळालं, म्हणजे लोहार होताच' असं म्हणायचा मोह होतो. पट्ट्या लोहयुगातल्या आहेत, नाव देणारे सॅक्सन त्यांच्या कित्येक शतकं नंतरचे.

शिळांच्या फटींत लोक नाणी खुपसतात. तसं करू नका. धातू गंजतो, फट रुंदावते, आणि ही जुनी रीत नाहीच, गोष्टीतलं नाणं घोड्यासोबत ठेवायचं होतं.

पांढरा घोडा

पुढे जेमतेम अडीच किलोमीटरवर अफिंग्टनचा पांढरा घोडा. सुमारे ११० मीटर लांब, वाहत्या रेघांचा. वरून तो दिसत नाही, ही सगळ्यांची पहिली निराशा. डोक्याजवळून फक्त वळणं दिसतात. पूर्ण आकृती उत्तरेच्या सखल भागातून, लाँगकॉट-फर्नमच्या बाजूने दिसते. म्हणून परतीच्या प्रवासात तिकडून गाडी वळवा.

वाइजनेच १७३८ मध्ये ठरवून टाकलं होतं की हा घोडा सॅक्सन राजा आल्फ्रेडने ८७१ च्या, डेन लोकांवरच्या ॲशडाउनच्या विजयानंतर कोरला. १९९० च्या दशकात रेघांच्या तळाची माती तपासली. मातीच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला हे या तंत्रात मोजतात. उत्तर आलं इ.स.पू. १३८० ते ५५० च्या दरम्यान. आल्फ्रेड किमान चौदाशे वर्षं उशिरा आला.

रेघा नुसतं गवत खरवडून काढलेल्या नाहीत. जवळपास मीटरभर खोल चर खणून त्यांत कुटलेला खडू ठासलेला आहे. वरून माती वाहत येते, कडांनी गवत आत सरकतं, आणि दोन-तीन दशकं कोणी हात लावला नाही तर घोडा बुजेल. म्हणजे तीन हजार वर्षांत एकाही पिढीने फार काळ अंग चोरलेलं नाही. १८व्या-१९व्या शतकांत साफसफाईच्या वेळी जत्रा भरायची आणि खालच्या 'मँजर' घळीत चीजचे गोळे गडगडवले जायचे. आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक उन्हाळ्यात गुडघ्यांवर बसून हातोड्याने नवा खडू कुटतात. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून घोडा झाकून टाकला होता.

गोष्टी इथे भरपूर. घोडा रात्री मँजरमध्ये चरायला उतरतो. शंभर वर्षांतून एकदा वेलँडकडे नाल ठोकायला जातो. डोळ्यावर उभं राहून तीनदा फिरलं की इच्छा पुरी होते, पण डोळ्यावर पाय देऊ नका, खडू उखडतो. खालच्या सपाट माथ्याच्या ड्रॅगन हिलवर एका जागी गवत उगवत नाही, तिथे संत जॉर्जने मारलेल्या ड्रॅगनचं रक्त सांडलं म्हणे. तुडवून तुडवून गवत जातं, हे कारण कमी रंगतदार आहे.

घोड्यापुढे काही किलोमीटरवर डावीकडे किंग्स्टन लाइलचा उतार लागतो. पायथ्याशी रस्त्याकडेला ब्लोइंग स्टोन आहे, भोकं असलेला सार्सन दगड. आल्फ्रेडने तो फुंकून फौज गोळा केली अशी कथा. नुसती हवा सोडून काही होत नाही. शंख फुंकताना ओठ आवळून थरथरवतात तसे वरच्या भोकावर घट्ट टेकवा, हवेला बाहेर पडायला जागा ठेवू नका. जमलं तर रेड्याच्या हंबरण्यासारखा आवाज निघतो. परतीचा चढ दमवणारा आहे.

शेवटचा दिवस आणि 'सर्वांत जुना रस्ता'

मुक्काम लेटकूम रेजिस किंवा वाँटेज. वाँटेज हे आल्फ्रेडचं जन्मगाव. चौथा दिवस सर्वांत लांब, स्ट्रीटलीपर्यंत २४ किलोमीटर धरा. सकाळी शर्यतीच्या घोड्यांचे सराव-पट्टे लागतात, त्यांवरून चालू नका.

स्कचमर नॉब या झाडीतल्या टेकाडाशी थांबा. खोदून खोदून ते चंद्रकोरीच्या आकाराचं झालंय. जुनं नाव क्विचेल्मचं टेकाड. १००६ च्या हिवाळ्यात डेन लोकांनी वॉलिंगफर्ड जाळलं, ॲशडाउनच्या धारेवरून इथे आले आणि मुद्दाम थांबले. कारण भाकीत होतं: इथवर आले तर ते पुन्हा समुद्र पाहणार नाहीत. कोणी लढायला आलं नाही. मग ते दुसऱ्या वाटेने निघाले, केनेटपाशी इंग्रजांची फौज उधळली आणि विंचेस्टरच्या वेशीसमोरून लूट घेऊन समुद्रावर गेले. भाकीत आणि त्याचा फज्जा, दोन्ही इतिवृत्ताच्या एकाच वर्षाच्या नोंदीत.

नकाशा पसरा. केनेट म्हणजे ओव्हरटन हिलचा पायथा, जिथून तुम्ही निघालात. इतिवृत्त वाटेचं नाव सांगत नाही, पण ही दोन टोकं धारेने जोडलेली आहेत, आणि फौजा धारेने फिरत असाव्यात असा तर्क त्यातून बसतो. 'पाच हजार वर्षं' मात्र तसं बसत नाही. काही ठिकाणी आजची वाट कांस्ययुगाच्या शेवटच्या खंदकांना आणि शेतांच्या बांधांना आडवी छेदून जाते, म्हणजे तिथे ती त्यांच्यानंतरची. १८व्या शतकात शेतं कुंपणबंद होईतो इथे एक रस्ता नव्हताच. धारेवर समांतर धावणाऱ्या अनेक वाटांचा पट्टा होता, चिखल झाला की गुराखी बाजूने जायचे. कुंपणं आली आणि त्यांतली एक वाट पक्की झाली. जुनी आहे ती धार.

नॉबपासून स्ट्रीटलीपर्यंत अजून पाच तास तरी, आणि वाटेत पाणी नाही. स्ट्रीटलीचा पूल ओलांडला की गोरिंगचं स्थानक. तिथून रेडिंगमार्गे लंडनला गाड्या आहेत.